फुकट मुक्काम आणि अर्धं तिकीट

मी चऱ्होलीहून बोलतेय. आमच्या भागातल्या अकरा बचत गटांचं समन्वयाचं काम मी बघते. म्हणजे हप्ते, हजेरी, बँकेच्या फेऱ्या, आणि मधूनमधून भांडणं मिटवणं, हे सगळं त्यात आलं.

आजचा विषय प्रवासाचा आहे. प्रवासात पैसा कसा वाचतो, ते पॉइंट-बिइंट म्हणतात ते काय असतं, आणि त्यातलं आपल्या कामाचं किती. हा विषय मला सुचला तो आमच्या एका मावशींमुळे. मागच्या बैठकीत त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मेसेज आला होता, तुमचे ५८९९ रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाद होणार आहेत, पैसे खात्यात जमा करून घेण्यासाठी खालची लिंक दाबा. मावशी म्हणाल्या, "अगं, माझे पॉइंट आले कुठनं? मी त्या कार्डानं फक्त एटीएममधनं पैसे काढते."

बायांनो, सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच. पण तो सगळ्यांना वेळेवर सुचत नाही. त्याच्या तीन महिने आधी आमच्या दुसऱ्या गटातल्या एका ताईंनी असाच मेसेज आला तेव्हा लिंक दाबली होती. आलेला ओटीपी भरला, आणि बावीस हजार रुपये गेले. ते पैसे त्यांनी शिलाई मशीनसाठी गटाकडून उचललेले होते. मशीन आलं नाही, हप्ता मात्र अजून चालू आहे. म्हणून म्हटलं, पॉइंट म्हणजे काय हे आधी नीट समजून घेऊ. ज्याला खरं नाणं माहीत असतं त्याला खोटं लवकर ओळखता येतं.

आपल्याकडे लोहगावचं विमानतळ शेजारीच. बैठक चालू असताना विमान गेलं की आम्ही बोलायचं थांबतो, ते पुढं गेलं की मग पुन्हा सुरू. त्या विमानात जे वारंवार बसतात त्यांना विमान कंपन्या पॉइंट देतात. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्स नावाच्या कंपनीनं ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. जितके मैल उडाल तितके मैल तुमच्या नावावर जमा, आणि पुरेसे साठले की एक तिकीट. म्हणून त्याला मैल म्हणायचे. आता बहुतेक ठिकाणी किती लांब गेलात यापेक्षा तिकिटाला किती पैसे मोजलेत त्यावर पॉइंट ठरतात. आपल्याकडे एअर इंडिया देते, इंडिगोनंही सुरू केलं आहे. मोठ्या साखळी हॉटेलांचंही तसंच. कंपनीचा हेतू एकच, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये. आपला किराणावाला दिवाळीला कॅलेंडर देतो ना, तोच प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं विमानात बसतोय. खरं आहे. पण चाकणच्या, भोसरीच्या कंपन्यांत आपली मुलं आहेत, सुना आयटीत आहेत. आमच्या एका काकूंचा मुलगा कंपनीच्या कामाला चेन्नईला, दिल्लीला जातो. चार वर्षं गेला आला, पण नाव नोंदवलं नाही. म्हणायचा, तिकीट कंपनी काढते, मला काय त्याचं. तर तिकिटाचे पैसे कंपनीनं भरले तरी पॉइंट साधारणपणे प्रवास करणाऱ्याच्याच नावावर पडतात. नोंदणीला पैसे लागत नाहीत, फक्त तिकीट काढताना आपला सभासद क्रमांक टाकावा लागतो. हे त्याला सोबतच्या माणसानं सांगितलं. पुढच्या दोन वर्षांत इतके पॉइंट साठले की काकूंच्या भाचीच्या लग्नाला मायलेक पुण्याहून नागपूरला विमानानं गेले. कर आणि विमानतळाचे आकार मात्र रोख भरावे लागले, फुकट तिकिटालाही ते चुकत नाहीत. आणि ऐन वेळी एक घोळ झाला. मुलानं तिकिटावर काकूंचं घरात चालतं ते नाव घातलं होतं, आधारवर दुसरंच. आपल्यात माहेरचं नाव, सासरचं नाव, कुठं मधलं नाव वडिलांचं, कुठं नवऱ्याचं. विमानाच्या तिकिटावर ओळखपत्रावरचंच नाव लागतं. ते दुरुस्त करून घेईपर्यंत काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेव्हा घरात कोणी कामासाठी विमानानं फिरत असेल तर त्याला आज संध्याकाळी जेवताना विचारा, नाव नोंदवलंय का, आणि पॉइंटची मुदत कधी संपते. ते पडून राहिले की बाद होतात.

कार्डाच्या पॉइंटचं मात्र वेगळं आहे, तिथं मी जरा थांबणार आहे. क्रेडिट कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात, मग त्यातून तिकीट काढता येतं, हॉटेल घेता येतं, असं पोरं सांगतात. खोटं नाही. पण हिशेब मांडू. समजा शंभर रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत चार आणे. महिन्याला चाळीस हजारांची खरेदी केली तर चारशे पॉइंट, म्हणजे शंभर रुपये. ठीक आहे, बिल वेळेवर आणि पूर्ण भरलं तर शंभर रुपये कमावले. पण बिल राहिलं तर? अनेक कार्डांवर व्याज महिन्याला शेकडा साडेतीनच्या घरात असतं. चाळीस हजारांवर चौदाशे रुपये. आपण गटात शेकडा दोननं कर्ज देतो तर केवढी कुरकुर होते! तीच बाई पोराच्या कार्डावर शेकडा साडेतीन मुकाट भरते, कारण ते कागदावर बारीक अक्षरात असतं आणि त्याला कोणी सावकारी म्हणत नाही. शंभर रुपयांच्या पॉइंटसाठी चौदाशे घालवायचे नसतील तर ज्या घरात बिल थकतं त्या घरानं पॉइंटचं नावच काढू नये.

आता माझी गोष्ट सांगते. ही मी गटात दोन वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

आम्ही दोघं एका मॉलमध्ये गेलो होतो. दारात एका मुलीनं कूपन भरून घेतलं, नाव आणि फोन नंबर. आठवड्यानं फोन आला. अभिनंदन मॅडम, तुमचा नंबर लागलाय, तीन रात्रींचा मुक्काम मोफत. फक्त येऊन बक्षीस घेऊन जा. अट इतकीच की नवरा-बायको दोघांनी यायचं आणि येताना कार्ड आणायचं. मोफत द्यायचंय तर कार्ड कशाला, हे तेव्हा मला सुचलं नाही. आपण दुसऱ्याचे हिशेब तपासतो ना, मग वाटतं आपल्याला कोण फसवणार.

तिथं तीन तास बसवलं. चहा दिला, समोसे दिले, समुद्राचे फोटो दाखवले. मग एक साहेब आले, त्यांनी सभासद योजना सांगितली. दहा वर्षं दर वर्षी सात दिवस कुठंही राहा. आज सही केली तर निम्म्या किमतीत, उद्या आलात तर पूर्ण. आमचे हे उठायला लागले तर मीच म्हटलं, पोरांना कधी समुद्र दाखवलाय आपण? तीस हजार रुपये भरले. पोरांच्या नावावर ठेवायचे म्हणून बाजूला काढलेले.

मे महिन्यात फोन केला तर जागा नाही. दिवाळीत नाही. नाताळात नाही. पावसाळ्यात मिळेल म्हणाले, तेव्हा शाळा. शिवाय वर्षाच्या देखभालीचं बिल वेगळं आलं. करार काढून वाचला तर सगळं त्यात लिहिलेलं होतं. बी.ए. झालेली बाई मी, सही करण्याआधी तो वाचला नव्हता. पुढं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पत्रव्यवहार केला, आठ महिन्यांनी बारा हजार परत आले. बाकीचे गेले. ज्या दिवशी त्या ताईंचे बावीस हजार गेले आणि त्या माझ्यासमोर मान खाली घालून बसल्या, त्या दिवशी मी त्यांना माझं सांगितलं. मग त्या बोलायला लागल्या.

असो. आता जे आपल्या हक्काचं आहे त्याकडे वळू, कारण तिथं आपण सोडून देतो ते पैसे काही कमी नाहीत.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत आहे. महिला सन्मान योजना. पण त्यातल्या खाचाखोचा सगळ्यांना माहीत नसतात. साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत सगळ्या प्रकारच्या एसटीत ती चालते. आधी आरक्षण केलं तर आरक्षणाचा आकार मात्र वेगळा आणि पूर्ण लागतो. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आणि शहरातल्या बसला ती नाही. आपल्या पीएमपीच्या कंडक्टरशी या कारणावरून वाद घालणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यात कंडक्टरची चूक नसते. पीएमपीत दिवसभर चढउतार करायची असेल तर दिवसाचा पास घ्या, तो गाडीतच मिळतो.

दुसरी अमृत ज्येष्ठ नागरिक योजना, २६ ऑगस्ट २०२२ पासूनची. पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत. पासष्ट ते पंचाहत्तरच्या माणसांना अर्धं तिकीट होतंच. म्हणजे सासरे सदुसष्टचे आणि सासूबाई साठच्या असतील तर दोघांनाही अर्धंच. सासऱ्यांनी आधार कार्ड बरोबर ठेवायचं. घरातले लोक हे विसरतात आणि म्हाताऱ्याचं पूर्ण तिकीट काढतात.

आता सहलीचं बघा. आमच्या गटांचं तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर असं ठरतंय. दरवेळी कोणीतरी म्हणतं, खासगी गाडी करू, दारातून दारात. समजा एसटीचं एका बाजूचं पूर्ण तिकीट चारशे रुपये आहे. वीस बायांचे आठ हजार होतात, आपल्याला पडतात चार. जाऊन येऊन आठ हजार वाचले, तेवढ्यात सगळ्यांचा मुक्काम निघतो. खासगी गाडीवाला बाई म्हणून निम्मे घेत नाही. पुरुष जास्त असतील तर हिशेब बदलेल, तेव्हा दोन्ही आकडे कागदावर मांडा. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीची भाडी १४.९५ टक्क्यांनी वाढली आहेत, म्हणून जुनं तिकीट बघून हिशेब करू नका, आगारात विचारा.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास १९८८ पासून आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, तेवढ्या दिवसांत कितीही फिरा. पुरुषांना लांबच्या फेरीला तो चांगला पडतो. बाईनं मात्र आधी अर्ध्या तिकिटांची बेरीज करावी आणि मग पासाच्या किमतीशी ताडून बघावी. तीन ठिकाणांच्या सहलीला बहुतेक वेळा अर्धी तिकिटंच स्वस्त निघतात.

आषाढीचंही सांगून ठेवते. आपण आळंदीच्या काठावरची माणसं, आपल्यातल्या पुष्कळजणी माऊलींबरोबर पायी जातात. ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत त्यांच्यासाठी, एका गावातून चाळीसहून जास्त भाविकांनी मिळून मागणी केली तर गावातून थेट पंढरपूरला गाडी द्यायची पद्धत एसटीनं अलीकडच्या वर्षांत ठेवली आहे, आणि त्यात अर्ध्या तिकिटाची सवलत लागू असते. वेळ जवळ आल्यावर धावण्यापेक्षा महिनाभर आधी आगारात अर्ज घेऊन जा.

गाणगापूर कर्नाटकात येतं. म्हणजे अक्कलकोटच्या पुढं हद्द संपली की आपली सवलत संपली. तिकडं शक्ती योजनेत, ११ जून २०२३ पासून, बायांना सरकारी बस फुकट आहे, पण ती तिथल्या रहिवासी बायांना. आपलं आधार दाखवून भागत नाही. गेल्या खेपेला आमच्यातल्या एकीनं बराच वेळ प्रयत्न केला! तिथं पूर्ण तिकीट धरूनच खर्च मांडायचा. दुसरा मार्ग रेल्वेचा. अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड अशी दोन्ही स्टेशनं पुणे-सोलापूर-वाडी मार्गावर आहेत, पण दोन्हीकडे स्टेशनापासून गाव लांब आहे, रिक्षा-जीपचे पैसे धरा.

रेल्वेत अठ्ठावन्न वर्षांवरच्या बाईला पूर्वी निम्मं तिकीट होतं. २० मार्च २०२० पासून ज्येष्ठांची ती सवलत बंद झाली. अजून कितीतरी घरांत ती आहे असं समजून पैसे बाजूला काढतात आणि खिडकीवर कमी पडतात. पण दोन गोष्टी शिल्लक आहेत. लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपरला बायांसाठी सहा जागा राखीव असतात, एकटीनं किंवा बायाबायांनी जायचं असेल तर तिकीट काढताना तो महिला कोटा मागा. आणि पंचेचाळीसच्या वरच्या बाईला जागा असेल तर खालचा बर्थ मिळतो, त्यासाठी वय बरोबर लिहा. काहीजणी वय कमी सांगतात आणि मग रात्रभर वर चढउतार करतात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ऑनलाइन काढताना पंचेचाळीस पैशांचा विमा विचारतात, तो घ्या आणि वारसाचं नाव भरा.

आणखी एक तिकीट फार कमी लोकांना माहीत आहे. चक्राकार प्रवासाचं. जिथून निघालो तिथंच परत यायचं आणि मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, असं एकच तिकीट रेल्वे देते. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं, म्हणून तुकड्यातुकड्यानं तिकीट काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मात्र ते लगेच खिडकीवर मिळत नाही, सगळा मार्ग लिहून मोठ्या स्टेशनवर आधी अर्ज द्यावा लागतो. काशी-प्रयागसारख्या लांबच्या यात्रेला उपयोगी. तीन दिवसांच्या सहलीला त्याचा खटाटोप करू नका.

मुक्कामाचं थोडक्यात. हॉटेलचे पॉइंट आपल्या फारसे कामाचे नाहीत, कारण ते मोठ्या साखळी हॉटेलांत चालतात आणि आपण तिथं उतरत नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, शेगाव, शिर्डी, सगळीकडे संस्थानांची भक्तनिवासं आहेत. अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचा महाप्रसादही आहे. लॉजच घ्यायचं तर मोबाईलवर दर बघा आणि मग त्याच लॉजला सरळ फोन करून सांगा, आम्ही वीसजणी आहोत, सहा खोल्या हव्यात, काय कराल. मंडईत कोथिंबिरीला भाव पाडणाऱ्या बाया आपण, फोनवर का लाजतो कळत नाही. अगोदर पैसे भरायचे असतील तर रद्द केल्यावर परत मिळतात का हे विचारा, आणि उत्तर लिहून मागा. फार स्वस्त दर दिसला तर तो बहुधा परत न मिळणाऱ्या पैशांचा असतो.

आता पुन्हा त्या मेसेजकडे. खरे पॉइंट असतील तर ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये नाहीतर शाखेत दिसतात, ते बघायला लिंक लागत नाही. पैसे घेण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच द्यावा लागत नाही. आणि चूक झालीच, तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवा, कार्ड बंद करा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणून प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. त्या ताईंनी नवरा काय म्हणेल या भीतीनं दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी आठ हजार गेले होते. उरलेले चौदा हजार दुसऱ्या दिवशी गेले. त्या दोन दिवसांत आमच्यातल्या एकीला जरी त्या बोलल्या असत्या तरी ते चौदा हजार वाचले असते. मी माझं आधीच गटात सांगितलं असतं तर त्या बोलल्या असत्या का, हे माझ्या मनातून जात नाही.

आता आमच्या प्रत्येक गटाच्या वहीत शेवटचं पान याच कामासाठी ठेवलंय. कोणालाही असा फोन, मेसेज, कूपन आलं की तारीख घालून लिहायचं आणि बैठकीत वाचायचं. पहिली नोंद माझ्या तीस हजारांची आहे.

सहलीच्या यादीत सध्या एकोणीस नावं आहेत. डिसेंबरात निघायचं ठरत होतं, पण पॉइंटवाल्या मावशी अडून बसल्या. आधारवर त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे, खरी कोणालाच माहीत नाही. येत्या १ जानेवारीला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. म्हणाल्या, "महिनाभर थांबा की. अर्धं तरी कशाला द्यायचं?" तेव्हा आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. अजून एक जागा आहे, यायचं असेल तर आपल्या गटाच्या सचिवाकडे नाव द्या.